देवाच्या तोंडावरचे जाळे

गेल्या वर्षीच्या कार्तिकी एकादशीची गोष्ट. मामांना घेऊन मी नारायणगडावर गेलो होतो. बीड तालुक्यातला हा गड आमच्या भागात 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखला जातो. नगद नारायण महाराजांचे हे स्थान. ज्याला पंढरपूर गाठणे जमत नाही तो इथल्या विठ्ठलापुढे डोके टेकवतो आणि समाधानाने घरी जातो. मामांना गुडघेदुखीमुळे अलीकडे पंढरपूर जमत नव्हते. पण गडावरची एकादशी त्यांनी सहसा चुकवली नव्हती.

रांगेत दोन तास उभे राहून आम्ही देवापुढे आलो. मामांनी हात जोडले, डोळे किलकिले केले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले,

“आरं, पुजाऱ्याला सांग की. देवाच्या तोंडावर कोळ्यानं जाळं धरलंय. एकादशीच्या दिवशी तरी साफ करायला नको का?”

मी पाहिले. नुकतेच स्नान घातलेली मूर्ती, गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का. जाळ्याचा मागमूस नव्हता.

“मामा, जाळं कुठं आहे?”

“ते बघ ना, डाव्या अंगाला. हलतंय सुद्धा.”

मागच्या माणसाने पुढे सरकण्याची घाई केली आणि आम्ही बाहेर आलो. बाहेर लख्ख ऊन होते. मामांनी आकाशाकडे पाहिले आणि ते एकदम थांबले. “इथंबी हाय की रे जाळं,” असे म्हणून त्यांनी डोळ्यांपुढून हात फिरवला, जणू माशी हाकलावी तसा. जाळे हलले, पण गेले नाही.

देवाचे तोंड स्वच्छ होते. जाळे मामांच्या डोळ्यात होते.

वाचकहो, आमचे मामा म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय सदुसष्ट. चौदा वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. तेव्हापासून गोळी नियमित, चहा बिनसाखरेचा, आणि सणावाराला मात्र “देवाचा प्रसाद आहे, त्याला नाही म्हणू नये” हे धोरण. रक्तातली साखर ते अधूनमधून तपासून घेत. डोळ्यांचे म्हणाल तर दर दोन वर्षांनी चष्म्याचा नंबर काढून आणत आणि डोळे तपासले म्हणून निर्धास्त राहत. गेले काही महिने वर्तमानपत्राची अक्षरे वाकडी दिसत होती. त्यावर घरात सर्वांनी एकमताने निदान केले होते: मोतीबिंदू. पिकला की काढू! त्या निदान करणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही शहरातल्या एका नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मामांच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या होण्याचे थेंब घातले, अर्ध्या तासाने भिंगातून आत पाहिले, आणि बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “गुरुजी, मधुमेह निघाल्यापासून बाहुल्या मोठ्या करून डोळ्याचा पडदा कधी कोणी तपासला होता का?”

मामांनी माझ्याकडे पाहिले, मी मामींकडे. चौदा वर्षांत एकदाही नाही.

डाव्या डोळ्यात रक्तस्राव झाला होता. देवाच्या तोंडावर दिसलेले जाळे म्हणजे मामांचेच रक्त होते, धाग्याधाग्यांनी डोळ्यातल्या गरात पसरलेले. आणि उजव्या डोळ्यात तेच घडण्याची तयारी चालू होती.

मी मराठीचा प्राध्यापक. विज्ञानाचे नि माझे नाते कॉलेजात पाऊल ठेवताच सुटले. पण ज्या माणसाने मला पाटीवर 'अ' काढायला शिकवला, त्याला अक्षरे दिसेनाशी का झाली, हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून मी बेजार केले, मिळेल ते वाचले, आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो आहे. फराळाचे ताट समोर असतानाच हा विषय काढल्याबद्दल क्षमा असावी. पण खरे म्हणजे हीच वेळ योग्य आहे.

पडदा आणि त्याचे पाटपाणी

डोळ्याच्या आतल्या बाजूला मागे जो पातळ पापुद्रा असतो त्याला दृष्टिपटल म्हणतात. आपण बोलताना 'पडदा' म्हणतो. जाडी मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढी. पण भूक राक्षसी! वजनाच्या मानाने पाहिले तर शरीरात सर्वांत जास्त प्राणवायू खाणाऱ्या भागांत याची गणना होते. हा प्राणवायू पोहोचवण्यासाठी पडद्यावर केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते.

बीडजवळ खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात बांधलेली. भर दुष्काळातही तिचे पाणी आटत नाही असा तिचा लौकिक. जमिनीखालून बांधून काढलेल्या कालव्याने हे पाणी शेतांकडे जाते. बांधणाऱ्याने बांधकाम असे पक्के केले की शतके लोटली तरी कालवा चालूच. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या निसर्गाने अशाच बांधल्या आहेत. आतून एकसंध अस्तर, सांध्याला सांधा घट्ट मिळालेला. आणि बाहेरून त्या अस्तराला मिठी मारून बसलेल्या आधाराच्या पेशी.

रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पहिला घाव या आधाराच्या पेशींवर पडतो. त्या मरू लागतात. आधार गेला की नळीची भिंत जागोजाग फुगते, तिथून पाणी आणि चरबी झिरपते. काही नळ्या तर पार बंद पडतात. नळी बंद झाली की तिच्यापुढचे शिवार कोरडे पडते.

इथपर्यंत माणसाला काहीही कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही, लाली येत नाही, दिसायलाही ठीक दिसते. ही या रोगाची सर्वांत मोठी लबाडी.

एका निरोपाची कथा

आता मुख्य गोष्ट. कोरडे पडलेले शिवार गप्प बसत नाही. ते ओरडते. त्या ओरडण्याची भाषा कोणती?

आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते बहुधा पेप्टाइडांच्या द्वारे. भाषेच्या शिक्षकाला ही कल्पना फार सोयीची वाटते. अमिनो आम्ले नावाची वीस मुळाक्षरे आहेत. ती एकापुढे एक ओवली की शब्द तयार होतो. लहान शब्द असला तर त्याला पेप्टाइड म्हणावयाचे, लांबलचक समास झाला तर प्रथिन. इन्शुलिन हा असाच एकावन्न अक्षरांचा निरोप आहे: 'रक्तातली साखर आत घ्या.' फ्रेडरिक सँगर या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यातला अक्षरांचा क्रम उलगडून दाखवला आणि त्यासाठी त्याला १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेह म्हणजे काय, तर हा निरोप पाठवणारा थकतो, किंवा निरोप ऐकणारे बहिरे होतात.

एक निरोप हरवला म्हणून रोग सुरू झाला. आणि दुसरा निरोप जास्त मोठ्याने दिला गेला म्हणून डोळा जातो!

या दुसऱ्या निरोपाचे नाव व्हीईजीएफ. नाव अवघड आहे. अर्थ सोपा आहे: रक्तवाहिन्यांच्या अस्तराची वाढ करवणारा घटक. त्याचे जे रूप सर्वांत जास्त आढळते त्याच्या साखळीत १६५ अक्षरे असतात आणि अशा दोन साखळ्या हातात हात घालून वावरतात. पेशीला प्राणवायू कमी पडला की तिच्या आतला एक पहारेकरी जागा होतो आणि हा निरोप लिहून बाहेर धाडतो. पेशींना प्राणवायूची टंचाई कशी कळते हे शोधून काढणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. टाक्या कोरड्या पडल्या की बायाबापड्या रिकामे हंडे डोक्यावर घेऊन तहसील कचेरीवर मोर्चा नेतात. व्हीईजीएफ म्हणजे पडद्याचा हंडा मोर्चा! मागणी अगदी रास्त असते: पाणी द्या. गर्भात बाळाच्या रक्तवाहिन्या तयार होतात त्या याच निरोपामुळे. जखम भरते तीही याच्या मदतीने. म्हणजे हा कोणी खलपुरुष नव्हे.

पण मोर्चा पाहून घाबरलेला अधिकारी काय करतो? आराखडा नाही, अस्तरीकरण नाही, रातोरात कच्चा चर खणून पाणी सोडतो. डोळ्यात तसेच होते. निरोप मिळताच नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण त्या घाईच्या. भिंती कच्च्या, सांधे उघडे, वाटा चुकलेल्या. पडद्यात राहण्याऐवजी त्या पडद्यावर उगवून डोळ्यातल्या काचेसारख्या गराला धरून वाढतात. गर किंचित ओढला गेला की त्या फुटतात आणि रक्त गरात पसरते. पुढे तिथे व्रण धरतो, आकसतो, आणि पडद्यालाच भिंतीवरून उचकटून काढतो. शिवाय हाच निरोप जुन्या नळ्यांचे सांधेही सैल करतो. मग पडद्याचा जो मधला, बारीक अक्षरे वाचण्याचा ठिपका, त्यात पाणी साचून सूज येते. मामांना वर्तमानपत्राच्या ओळी वाकड्या दिसत होत्या त्या या सुजेमुळे. आम्ही तिला मोतीबिंदू म्हणत होतो.

वाटाण्याएवढी ग्रंथी आणि एक बाळंतीण

हा निरोप सापडला कसा, याची हकिगत एखाद्या रहस्यकथेसारखी आहे. १९४८ साली आयझॅक मायकेलसन नावाच्या नेत्रतज्ज्ञाने तर्क मांडला की पडद्यातूनच काहीतरी द्रव्य पाझरत असावे आणि त्यामुळे रक्तवाहिन्या वाढत असाव्यात. द्रव्य कोणते ते त्याला सांगता आले नाही. पुढे कित्येक वर्षे शास्त्रज्ञ त्याला 'क्ष घटक' म्हणत राहिले.

मध्यंतरी शोधाची गाडी दुसऱ्याच रुळावर गेली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. अर्जेंटिनाच्या बर्नार्दो हूसाय यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले होते की ही ग्रंथी काढली तर मधुमेह सौम्य होतो. १९४७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नंतर १९५३ साली डेन्मार्कच्या पूलसेन या डॉक्टरांनी एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. तिला मधुमेह होता, डोळ्यांचा विकारही जडला होता. बाळंतपणात तिची ही ग्रंथी निकामी झाली, आणि आश्चर्य असे की तिच्या डोळ्यांतला विकार मावळला!

झाले. युरोप-अमेरिकेत मधुमेहाने आंधळ्या होत चाललेल्या रोग्यांची ही ग्रंथी काढून टाकण्याचे किंवा जाळण्याचे सत्र सुरू झाले. पुष्कळांचे डोळे सुधारले. पण किंमत भयंकर. शरीरातल्या साऱ्या ग्रंथींची मुकादमच ती. ती गेल्यावर माणूस जन्मभर औषधांवर जगणार. तरीही लोक तयार होत. डोळ्यांसाठी माणूस काय द्यायला तयार होतो, याचा हा दाखला.

या उपचारात एक धागा मात्र खरा होता. ही ग्रंथी वाढीचे संप्रेरक सोडते. त्याच्या सांगण्यावरून यकृतात इन्शुलिनाचे एक भावंड तयार होते, सत्तर अक्षरांचे पेप्टाइड. त्याला आयजीएफ-१ म्हणतात. हे भावंड व्हीईजीएफच्या कामाला हातभार लावते असे पुढे दिसून आले. म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी अंधारात दगड मारला होता, पण तो झाडाच्या फांदीला लागला होता.

मूळ सापडले ते कर्करोगाच्या वाटेने. गाठ वाढायला तिला रक्त लागते. ती रक्तवाहिन्या बोलावून घेते. तो बोलावण्याचा निरोप अडवला तर गाठ उपाशी मरेल, असे जूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडले. १९८३ साली बोस्टनला डोनाल्ड सेंगर आणि हॅरल्ड ड्वोरॅक यांना गाठींपासून मिळालेल्या द्रवात नळ्या झिरपायला लावणारे एक प्रथिन आढळले. १९८९ साली कॅलिफोर्नियात नेपोलिओन फेरारा यांनी नळ्या वाढवणारे प्रथिन वेगळे काढले. पाहतात तो दोन्ही एकच! झिरपवणारा आणि वाढवणारा हा एकच इसम निघाला.

आणि १९९४ साली बोस्टनच्या लॉइड पॉल ऐएलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेही रोग्यांच्या डोळ्यांतला द्रव तपासला. ज्यांच्या डोळ्यांत नव्या रक्तवाहिन्या जोमाने फुटत होत्या त्यांच्यात व्हीईजीएफ भरपूर. आणि लेझरचा उपचार यशस्वी झाल्यावर तेच प्रमाण तीन-चतुर्थांशाने उतरलेले. मायकेलसनच्या 'क्ष'ला शेहेचाळीस वर्षांनी नाव मिळाले.

डोळ्यात सुई

आता मामांकडे वळू. डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले: लेझर आणि इंजेक्शन.

“इंजेक्शन कुठं?” मामांनी दंडावरची बाही वर सारत विचारले.

“डोळ्यात.”

मामांनी बाही खाली केली आणि ते उठून उभे राहिले.

त्यांना पुन्हा बसवायला मामींना पाव तास लागला. खरे सांगतो, मलाही घाम फुटला होता. पण काम मिनिटाभराचे असते. थेंब घालून डोळा बधिर करतात, जंतुनाशकाने स्वच्छ करतात, आणि बुबुळाच्या कडेला पांढऱ्या भागातून केसासारख्या सुईने औषधाचा एक लहानसा थेंब आत सोडतात. मामा बाहेर येऊन म्हणाले, “एवढंच? शाळेत देवीची लस यापेक्षा दुखायची.”

हे औषध म्हणजे निरोप वाटेतच पकडणारा पोस्टमन. व्हीईजीएफला तो कवटाळतो आणि पत्र पत्त्यावर पोहोचू देत नाही. घाईच्या नळ्या सुकतात, सूज ओसरते. पहिले असे औषध, बेव्हासिझुमॅब, २००४ साली अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. पुढच्याच वर्षी मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा अगदी अल्प अंश डोळ्यात देऊन पाहिला आणि गुण आला. खास डोळ्यांसाठी बनवलेली रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही औषधे त्यानंतर आली. ती महाग. कर्करोगाच्या औषधातून वाटून घेतलेली मात्रा त्यामानाने स्वस्त पडते, म्हणून आपल्याकडेही तिचा वापर खूप. २०१५ साली अमेरिकेत तिन्हींची तुलना झाली. नजर फारशी गेलेली नसेल तर तिन्ही सारखीच उपयोगी. नजर बरीच उतरलेली असेल तर अफ्लिबरसेप्ट पहिल्या वर्षी सरस. त्याच वर्षी भारतीय कंपनीने बनवलेले रॅनिबिझुमॅबचे देशी रूप बाजारात आले आणि मध्यमवर्गीयाला थोडा श्वास घेता आला.

पण एक अडचण आहे. पकडलेला निरोप संपतो. शिवार कोरडेच असते. ते पुन्हा ओरडते. म्हणून इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. आणि सगळा दोष या एकाच पेप्टाइडाच्या माथी मारताही येत नाही. दाह वाढवणारे दुसरे निरोपही आत फिरत असतात. काही रोग्यांची सूज इंजेक्शनांना दाद देत नाही ती त्यामुळेच.

लेझरची गोष्ट याहून जुनी. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या पडद्यावर भाजल्याचा डाग पडतो, हे पाहून जर्मनीच्या गेर्ड मायर-श्विकेराथ यांना सुचले की प्रकाशाने पडदा मुद्दाम, नेमका भाजता येईल. आधी त्यांनी चक्क सूर्याचे ऊन वापरले, नंतर दिव्याचा झोत. १९६० साली लेझरचा शोध लागला आणि काम सोपे झाले. कडेच्या पडद्यावर शेकडो बारीक डाग देतात. तेवढा भाग कायमचा निकामी होतो. पण त्याची भूकही संपते, आणि त्याचे ओरडणे थांबते. मधला, वाचायचा भाग वाचतो. दुष्काळात जनावरे जगवण्यासाठी बांधावरचे झाड तोडून चारा करतात, तसला हा हिशेब. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीने १९७६ साली दाखवून दिले की या उपायाने नजर गंभीरपणे जाण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली येते.

मामांच्या उजव्या डोळ्याला लेझर झाले आणि सहा महिन्यांत पाच इंजेक्शने. डाव्या डोळ्यातले रक्त आपोआप निवळेना, म्हणून शस्त्रक्रिया करून गर काढावा लागला. डाव्या डोळ्याने आता त्यांना माणूस आला-गेला कळतो, ओळखू येत नाही. उजवा शाबूत आहे.

“वर्षभर आधी आला असतात तर,” असे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी वाक्य अर्धेच सोडले. व्याकरणात आम्ही याला संकेतार्थ म्हणतो. त्या दिवशी त्याचा अर्थ मला पहिल्यांदा समजला.

गोष्ट एकट्या मामांची नव्हे

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख लोक, आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. वेगवेगळ्या पाहण्यांतून दिसते की मधुमेह्यांपैकी शंभरात बारा ते अठरा जणांच्या पडद्यावर विकाराच्या खुणा असतात. म्हणजे कोटीहून अधिक माणसे. त्यातल्या बहुतेकांना आज काहीही जाणवत नसणार.

'आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही' हे समाधान आपल्याला फार प्रिय. मामाही सडपातळ. त्याबाबतीत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १९९३ पासून त्यांनी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा सातत्याने अभ्यास केला. तिथले नवजात बाळ वजनाला सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे ३.५ किलो. आपले बाळ सगळ्या मापांत लहान. पण चरबीत मात्र त्यामानाने कमी नाही! स्नायू कमी, चरबी राखलेली. बाहेरून सडपातळ, आतून स्थूल. मधुमेहाची पायाभरणी पाळण्याच्याही आधी झालेली असते.

मग करायचे काय? उपाय महाग यंत्रांचा आहे असे कोणाला वाटेल, म्हणून मुंबईची एक गोष्ट सांगतो. तिथल्या महानगरपालिकेच्या दवाखान्यांत डॉ. सुंदरम नटराजन आणि सहकाऱ्यांनी मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने मधुमेह्यांच्या पडद्याचे फोटो काढले. फोटो काढणारा नेत्रतज्ज्ञ नव्हे, शिकवून तयार केलेला आरोग्य कर्मचारी. फोनमधल्याच संगणकीय बुद्धीने, इंटरनेटशिवाय, कोणाला पुढे पाठवायचे ते सांगितले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २१३ रोगी होते. ज्यांना तज्ज्ञाकडे धाडायला हवे होते त्यांच्यापैकी एकही यंत्राच्या नजरेतून सुटला नाही. रोगी थोडे होते हे खरे. पण असा कॅमेरा आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात चौदा वर्षांत एकदा जरी आला असता!

ताटापाशी बसून

वाचकहो, आता फराळाचे बोलू. करंजी खाऊ नका असे सांगणारा मी कोण? पण घरात ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी कुठेतरी लिहून ठेवा. देवघराजवळ लावल्यात तरी चालेल.

पहिली: चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे. थेंब घालून, बाहुली मोठी करून, पडदा पाहिला गेला पाहिजे. पन्नाशीत निघालेल्या मधुमेहात निदान झाल्याबरोबर, आणि नंतर दर वर्षी. लहान वयात इन्शुलिनावर असलेल्यांची पाच वर्षांच्या आत सुरुवात करावी. मधुमेही स्त्रीला दिवस राहिले तर सुरुवातीच्याच महिन्यांत. थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते. तेव्हा स्कूटर घरी ठेवा आणि सोबत कोणाला तरी न्या.

दुसरी: साखर खरोखर आटोक्यात ठेवली तर फळ मिळते. १९९३ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले की लहान वयाच्या मधुमेहात काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्यांत डोळ्यांचा विकार सुरू होण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी झाले. १९९८ सालच्या ब्रिटिश अभ्यासाने आपल्या नेहमीच्या मधुमेहाबद्दल तसेच सांगितले, आणि वर हेही सांगितले की रक्तदाब ताब्यात ठेवला तर डोळा वाचवायला मोठी मदत होते. गोळी साखरेचीच नव्हे, रक्तदाबाचीही चुकवू नये.

तिसरी: फार दिवस वाढलेली साखर एकदम खाली आणली तर सुरुवातीला डोळ्यांचा विकार काही काळ वाढू शकतो. जीएलपी-१ या पेप्टाइडासारखी काम करणारी जी नवी इंजेक्शने आज शहरांत गाजत आहेत, त्यांपैकी सेमाग्लुटाइडच्या २०१६ सालच्या एका अभ्यासात अशी तक्रार थोड्या जास्त रोग्यांत दिसली होती. म्हणून औषध सोडू नका. पण मोठा बदल करण्यापूर्वी पडदा तपासून घ्या आणि डॉक्टरांना आठवण करून द्या.

चौथी: डोळ्यांपुढे धागे, ठिपके, जाळे दिसले, ओळी वाकड्या दिसल्या, पडदा ओढल्यासारखे झाले, तर दिवाळी संपण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी जा.

दिवाळीत आपण पणत्या लावतो. आमची आजी म्हणे, तेल कमी पडले तर ज्योत विझते, आणि तेलात वात बुडाली तरीही विझते. मधुमेहात असेच आहे. तेल जास्त झाले आहे, आणि वात बुडत चालली आहे हे दिसत नाही, कारण ज्योत अजून जळत असते.

या श्रावणातल्या एकादशीला मामा पुन्हा नारायणगडावर गेले. मी बरोबर होतो. देवापुढे उभे राहताना त्यांनी मान किंचित डावीकडे वळवली, उजवा डोळा विठ्ठलाच्या समोर आणला, आणि पुष्कळ वेळ पाहत राहिले. मागच्या माणसाने घाई केली, पण या वेळी मी त्यालाच थांबवले.

बाहेर आल्यावर मी विचारले, “मामा, दिसला का?”

“दिसला की,” मामा म्हणाले. “तोंड अगदी स्वच्छ आहे.” मग थोडे थांबून, पायऱ्या उतरताना माझा दंड धरून ते म्हणाले, “तुझ्या मामीची साखर गेल्या महिन्यात वाढलेली निघाली म्हणतात. येत्या सोमवारी तिचे डोळे दाखवून आणू.”